पाचवी फेरी

निकालाची कुठलीही बातमी आली, की सर चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "ते असू दे. पण त्यांना निवडलं कोणी?"

'त्यांना' म्हणजे निकाल देणाऱ्यांना. मग तो निकाल उच्च न्यायालयाचा असो, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेचा असो, की क्रिकेटच्या पंचाने वर केलेल्या बोटाचा. फलंदाज बाद होता की नव्हता यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडत. ते मात्र खिडकीशी बसून सोलकढीचे सावकाश घोट घेत आणि पंच नेमण्याची रीत कुणाला ठाऊक आहे का, याची चौकशी करत. कुणालाच ठाऊक नसे. याचं त्यांना दर वेळी मनापासून नवल वाटे.

जामसंड्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवू लागले, तेव्हा ते तिथे राज्यशास्त्र शिकवत होते. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, बोलताना हाताचा पंजा असा उघडत, की जणू त्यात काहीतरी ठेवून घ्यायचं आहे. दर शनिवारी ते मालवणच्या आतल्या बाजूला असलेल्या आपल्या गावी जात आणि सोमवारी परतत, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला भाताच्या सुक्या गवताचा उबदार वास येत असे. मुलं त्यांना पाठीमागे 'फेरीसर' म्हणत. कुणाचं उत्तर चुकलं तर ते 'चूक' असं कधी म्हणत नसत. 'पुढची फेरी' म्हणत, आणि शेजारच्या बाकाकडे वळत.

ते ज्यांच्या घरी भाड्याने राहत, त्या बागायतदारांकडे एकदा आंब्यांची निवड चालली होती. पेंढ्याच्या गादीवर हापूस मांडलेले, साऱ्या पडवीत तो गोड, जड, झोप आणणारा सुवास. एक माणूस फळ हातात घेई, अंगठ्याने देठाशी चाचपे आणि लहान, मध्यम, मोठा अशा पेट्यांत टाकी. आम्ही त्याचा हात बघत राहिलो. सरांनी मालकांना विचारलं, "ह्यांची निवड कशी केलीत?" मालक म्हणाले, "कशी म्हणजे? आधी ह्याचो बापूस होतो, मगे ह्यो." त्या दिवशी सर आंबा न खाताच उठले. रुसले नव्हते; नुसते विचारात पडले होते.

या विचाराचं मूळ गाव फार दूर होतं. जगातल्या भीषणातल्या भीषण गुन्ह्यांचा न्याय करण्यासाठी नेदरलँड्समध्ये जे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, त्याच्या न्यायाधीशांची निवडणूक हा सरांचा ध्यास होता. तिथले खटले त्यांना फारसे ठाऊक नव्हते. कोणाला शिक्षा झाली, कोण सुटलं, हे विचारलं तर ते ओशाळून हसत. पण तिथे अठरा न्यायाधीश असतात, दर तीन वर्षांनी त्यांतले सहा बदलतात, प्रत्येकाला नऊ वर्षं मिळतात आणि एकदा पूर्ण मुदत झाली की पुन्हा उभं राहता येत नाही, हे ते एखाद्या पदाच्या चरणासारखं म्हणून दाखवत.

वर्गात ते टेबलावर काजूच्या बिया मांडत. डावीकडची रांग 'अ' यादी: फौजदारी कायद्यात मुरलेली माणसं. उजवीकडची 'ब' यादी: युद्धाचे नियम, मानवी हक्क, आंतरराष्ट्रीय कायदा यांची जाणकार. "नुसत्या 'अ'ने चालेल?" ते विचारत. "नाही. साक्षीदाराची उलटतपासणी येते, पण युद्ध म्हणजे काय ते कळत नाही. नुसत्या 'ब'ने? तेही नाही." मग ते बिया हलवत. एका देशाचे दोन न्यायाधीश चालत नाहीत. जगाच्या प्रत्येक भागाला आणि बायकांना अमुक इतकी मतं द्यावीच लागतात, नाही दिली तर मतपत्रिका बाद. मतदान गुप्त. देश केवढाही असो, मत एक. आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मिळवल्याशिवाय कोणी निवडून येत नाही. जागा उरल्या तर पुढची फेरी, त्यानंतरही उरल्या तर त्याच्या पुढची.

"पण सर, आपला देश त्यात नाहीच ना?" एका मुलीने एकदा विचारलं होतं.

"नाही. म्हणूनच नीट बघता येतं," ते म्हणाले. "आपल्या घरचं लग्न असलं की आपल्याला मांडव दिसत नाही."

एका डिसेंबरात ही निवडणूक इंटरनेटवर थेट दिसणार होती. सरांनी मला आणि भूगोलाच्या मॅडमना संध्याकाळी जेवायला बोलावलं. स्वतः रांधलेली कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. त्या वासात आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर एक प्रचंड सभागृह होतं. माणसं रांगेने येत, पेटीत कागद टाकत, निघून जात. मग सभागृह रिकामं झालं. लाकडी बाकं, पाण्याचे पेले, कुणीतरी विसरलेली शाल. बराच वेळ पडद्यावर दुसरं काहीच हललं नाही.

"बंद पडलं वाटतं," भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या.

"मोजणी चाललीय," सर कुजबुजले. देवळात गाभाऱ्याचा पडदा ओढलेला असताना माणसं बोलतात, तसा त्यांचा आवाज झाला होता. "आत्ता कोणालाच काही ठाऊक नाही. बघा, किती छान दिसतंय."

खरंच, काही क्षण ते रिकामेपण मला सुंदर वाटलं. मग मी विचारलं, की हे सारे देश केवळ लायकी बघूनच मत देत असतील का. सरांच्या चेहऱ्यावरची सगळी प्रभा विझली. "नाही हो. 'तुम्ही आमच्या माणसाला द्या, आम्ही तुमच्या माणसाला देतो' हे तिथेही चालतं म्हणतात. तिथेही भीड आहे, मॅडम. फक्त ती कोट घालून येते." लॅपटॉप जरासा पुढे ओढत ते म्हणाले, "म्हणून तर एवढे नियम. माणूस चांगला असेल यावर विसंबून राहायचं नाही, असं कोणीतरी फार प्रेमाने ठरवलंय."

पुढे हे सारे नियम काजूच्या बिया सोडून माणसांवर चालताना मी पाहिले. ते घडलं सरांच्या गावात.

त्या गावात देवळाच्या जत्रेआधी भजनाची स्पर्धा होई. वरची वाडी, खालची वाडी आणि आसपासच्या गावांची मंडळं येत. सरांचे थोरले भाऊ वरच्या वाडीच्या मंडळाचे बुवा, म्हणजे मुख्य गायक. सर त्यांना दादा म्हणत, सारा गाव बुवा म्हणे. आदल्या वर्षी बुवांना परीक्षकांनी कमी गुण दिले आणि खालच्या वाडीचा तरुण बुवा पहिला आला. लगेच आरडाओरडा झाला, टाळ फेकले गेले, दोन्ही वाड्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं थांबलं. सर्वांत कमी गुण ज्यांनी दिले होते, त्या वालावल गावच्या, मुलांना पेटी शिकवणाऱ्या बाई होत्या. नेमलेल्या परीक्षकाला स्पर्धेच्या दिवशीच ताप भरला, म्हणून त्यांना ऐन वेळी स्कूटरवर बसवून आणलं होतं. बायकांनी भजनाची परीक्षा करण्याची गावाला सवय नव्हती. बुवांना तर मुळीच नव्हती.

"तेव्हापासून घरात पेटी उघडलेली नाही," सर मला सांगत होते. "दादा जेवतो, शेतात जातो, झोपतो. वहिनी म्हणते, घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाटतं. ह्या वर्षी स्पर्धा झाली नाही, तर तो परत गाणार नाही."

आणि स्पर्धा होईल असं दिसत नव्हतं. दोन्ही वाड्यांना मान्य होतील असे तीन परीक्षक मिळत नव्हते. शेवटी सरांनी आपली रीत गावापुढे ठेवली. मतं मोजायला परगावचं कोणी हवं, म्हणून त्यांनी मला नेलं.

देवळाच्या सभामंडपात माणसं जमली होती. मार्गशीर्षातली सकाळ, कापणी होऊन गेलेल्या मळ्यांवरून येणारा गवताचा वास, थंडगार फरशी. देवळाचे मानकरी असलेले सर्वांत वडीलधारे गावकर म्हणाले, "मास्तर, ह्या सगळा कित्याक? देवाक कौल लावया. देव सांगात तो परीक्षक."

आमच्याकडे गावाचा कुठलाही प्रश्न असाच सुटतो. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी गळली की होकार, डावी गळली की नकार.

सर हात जोडून म्हणाले, "काका, सामनो व्हावचो काय नको, ता देवाक इचारा. पण परीक्षक आमी निवडूया. उद्या कोणाक निकाल पटलो नाय, तर देवाच्या अंगार धावतल्यात?"

सभामंडपात हसू पसरलं. कौल लावला गेला. आम्ही सगळे त्या काळ्या, पाणी निथळणाऱ्या पाषाणाकडे पाहत राहिलो. उजवी पाकळी गळली.

नियम वाचून झाले. प्रत्येक घराला एक मत, निवडून यायला दोन तृतीयांश मतं. सूर-तालाच्या जाणकारांची 'अ' यादी, अभंगांच्या अर्थाच्या जाणकारांची 'ब' यादी. एका मतपत्रिकेवर तीन नावं. त्यांत दोन्ही याद्यांतलं किमान एक आणि बाईचं किमान एक. स्पर्धा रात्री न घेता दिवसाउजेडी, कारण अंधारात भांडणाऱ्यांची तोंडं दिसत नाहीत. आणि एकदा पूर्ण परीक्षकपद भोगलेल्याने पुन्हा उभं राहायचं नाही.

यावर वरच्या वाडीचा एक गृहस्थ म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्षीची बाई बाद. बरा झाला."

माना डोलल्या. बुवा खांबाला टेकून बसले होते. सकाळपासून प्रथमच त्यांच्या कपाळावरची आठी सैल पडलेली मला दिसली. सर गप्प राहते, तर तो विषय तिथेच मिटला असता. त्या नियमाचा पुढचा भाग त्या मंडपात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई बाद नाय," ते म्हणाले. "जो मधेच, दुसऱ्याच्या जाग्यार, थोड्या वेळासाठी येता, तेका परत उभा रवाक गावता. त्या कोर्टातय तसाच आसा. बाई बदली इली होती."

बुवा सावकाश उठले. "ह्यो पोटनियम आजच भायर इलो?"

"आधीपासून आसा, दादा. आज तेची गरज पडली."

"तुझ्या त्या कोर्टात कोणाक थोरले भाव नसतत काय रे?"

"आसतत," सर म्हणाले. "म्हणानच नियम आसत."

बुवा पायऱ्या उतरले आणि बाहेर सुरंगीच्या झाडाखाली पाठ करून बसले.

पहिली फेरी झाली. तांब्याच्या रिकाम्या घागरीत घड्या घातलेले कागद पडले. मी ते उघडू लागले आणि थक्क झाले. जवळजवळ प्रत्येक कागदावर सर्व उमेदवारांची नावं होती. कुणालाही वगळलं नव्हतं. ते सगळे कागद बाद.

"असं का केलंत?" मी विचारलं.

पुढच्या रांगेतले एक आजोबा संकोचून म्हणाले, "बाये, सगळे आमच्या वळखीचे. एकाचा लिवचा आणि एकाचा नाय, ह्या बरा दिसता?"

सरांनी ती फेरी रद्द मानली नाही. फेरी ती फेरी. दुसऱ्या वेळी लोकांनी जीव कठोर करून तीनच नावं लिहिली. शेजारच्या गावचे एक पखवाजवादक आणि एक निवृत्त कीर्तनकार दोन तृतीयांशांच्या पलीकडे गेले. एक जागा उरली. कागदावर आता एकच नाव लिहायचं, आणि नियमाने ते बाईचंच. रिंगणात बायका दोनच, वालावलच्या बाई आणि गावातल्या अंगणवाडीच्या ताई. ज्यांना बाई नको होत्या त्यांनी ताईंचं नाव लिहिलं. तिसऱ्या फेरीत मतं दुभंगली. चौथीतही दुभंगली.

दर फेरीला बुवा आत येत. घराचं मत त्यांच्या हाती होतं. धाकट्या भावाला, नियम लिहिणाऱ्याला, मतच नव्हतं. बुवा कागद घेत, कुणाकडे न बघता लिहीत, घागरीत टाकत आणि पुन्हा झाडाखाली जात. माझ्याकडे आलेल्या कागदांत त्यांचा कुठला, हे मला कळण्याचा प्रश्न नव्हता. परगावची मी त्यासाठीच होते.

चौथ्या फेरीनंतर सर उभे राहिले. त्या न्यायालयाच्या नियमांत चार फेऱ्यांनंतर बायकांना मत देण्याची सक्ती उठते, असं त्यांनी सांगितलं. आता कोणीही कोणाचंही नाव लिहावं. उरलेल्या उमेदवारांत एक निवृत्त तलाठी होते, भले गृहस्थ, दोन्ही वाड्यांना सारखेच जवळचे. माणसांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. कुणीतरी म्हणालं, "मगे काय, तलाठीच."

एवढ्यात चहाची किटली घेऊन आलेल्या अंगणवाडीच्या ताई मंडपाच्या कडेला थांबल्या. "मास्तर, माझा नाव काढा," त्या म्हणाल्या. "माका सूर कळत नाय. मी उभी रवलंय ती बायमाणूस होयी म्हणान. आता नको तर माका मोकळी करा." आणि किटली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी त्या बाईन खालच्या वाडीच्या बुवाकय दोन चुको दाखवलेल्यो. तो पयलो इलो म्हणान कोणी आयकला नाय."

खालच्या वाडीचा तरुण बुवा मान खाली घालून म्हणाला, "व्हय. दाखवलेल्यो."

पाचवी फेरी फार हळू झाली. बुवा आले, बराच वेळ पेन्सिल हातात धरून उभे राहिले, लिहिलं, गेले. सर फरशीकडे पाहत होते. दूरदेशीच्या रिकाम्या सभागृहाकडे बघतानाची प्रसन्नता त्यांच्यात अजिबात उरली नव्हती. या मोजणीशेवटी त्यांच्या घरातला आवाज कायमचा बंद होणार होता किंवा नव्हता, आणि ते काहीही करू शकत नव्हते.

मी नावं वाचू लागले. तलाठ्यांचं नाव आलं. बाईंचं आलं. पुन्हा बाईंचं. पुन्हा. सक्ती असताना जेवढी मतं बाईंना मिळाली नव्हती, तेवढी ती उठल्यावर मिळाली. शेवटचा कागद वाचला तेव्हा बाईंनी दोन तृतीयांशांची ओळ ओलांडली होती.

घरी वहिनींनी आम्हाला वाढलं. बुवा उंबऱ्यावर बसून जेवले आणि भावाशी एक शब्दही बोलले नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी मी पुन्हा गेले. दुपारचं ऊन सभामंडपात तिरपं उतरलं होतं. पखवाजाला लावायच्या ओल्या कणकेचा, उदाचा, बायकांनी माळलेल्या अबोलीच्या वळेसरांचा असा मिसळलेला वास. परीक्षकांच्या टेबलाशी वालावलच्या बाई बसल्या होत्या, फिकट निळी सुती साडी, हात मांडीवर जुळवलेले. खालच्या वाडीचं मंडळ गाऊन उतरलं. वरच्या वाडीचं नाव पुकारलं गेलं. टाळकरी बसले, पखवाज लागला, बुवांची जागा रिकामी होती. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा पंजा उघडा होता आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मग माणसं बाजूला सरली. खांद्यावर पेटी घेऊन बुवा आले. गायला बसण्याआधी परीक्षकांना नमस्कार करण्याची रीत आहे. त्यांनी पहिल्या दोघांना नमस्कार केला आणि बाईंसमोर ते थांबले.

"बाई, गेल्या वर्षी माझा खंय चुकला?"

बाई मुळीच गांगरल्या नाहीत. "दुसऱ्या चरणार," त्या म्हणाल्या. "टाळ वाढले तसे तुमी त्यांच्या मागसून धावलात. शब्द वाटेत पडले. आवाज बरो होतो म्हणान माका ज्यास्तच वायट वाटला."

बुवांनी थोडा विचार केला. "माका कोणी सांगूक नाय ता."

"इचारूक कोणी इलात नाय."

ते बसले. भाता उघडला, तेव्हा वर्षभर बंद राहिलेली पेटी आधी खोकल्यासारखी वाजली. मग सूर लागला. तो आवाज मी प्रथमच ऐकत होते: खरखरीत, खोल, विहिरीतून भरून काढलेल्या घागरीसारखा, काठाकाठाने सांडणारा. दुसऱ्या चरणाशी टाळ वाढले. बुवांनी डावा हात किंचित उचलला आणि टाळकऱ्यांना थोपवलं. शब्द एकेक करून पुढे आले.

सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

निकाल लागला. खालच्या वाडीचा तरुण बुवाच पुन्हा पहिला आला, आमचे बुवा दुसरे. तिन्ही परीक्षकांचं एकमत होतं. कोणी टाळ फेकले नाहीत. कुठेतरी थोडी कुरकुर झाली आणि ताईंच्या चहात विरघळून गेली.

तिन्हीसांजेला आम्ही तिघं मळ्याच्या बांधावरून घराकडे निघालो. पुढे बुवा, खांद्यावर पेटी; मागे सर; त्यांच्या मागे मी. पायांखाली कापलेल्या भाताची बुडखी कुरकुरत होती.

मागे न वळता बुवांनी विचारलं, "ती बाई फुडल्या वर्षी आसतली मां?"

"नाय," सर म्हणाले. "आता तिची पुरी मुदत झाली. परत उभा रवाक गावाचा नाय."

"कोणी सांगल्यान?"

"नियमच आसा, दादा."

बुवा चार पावलं चालले. "मगे नियम बदल."

"बदलूक दोन तृतीयांश घरां लागतत."

बुवा थांबले. त्यांनी पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. दोन्ही वाड्यांतले दिवे एकेक करून लागत होते. ते तिथेच बांधावर उभे राहून त्या दिव्यांकडे बोट दाखवत हलक्या आवाजात घरांची नावं घेऊ लागले. सुरुवात त्यांनी खालच्या वाडीपासून केली.